कासव विकत घेण्यापूर्वी

शाळेच्या स्मरणिकेत कासव, साप, घोरपड यांच्यावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर आपल्या गावाच्या भूगोलात आहे. सायखेडा गोदावरीच्या काठी वसलेले आहे. पलीकडच्या तीरावर चांदोरी, आणि नदी पुढे कादवेला जिथे मिळते तिथे नांदूरमध्यमेश्वरचा जलाशय. १९८६ साली पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झालेले हे ठिकाण २०१९ मध्ये रामसर यादीत गेले आणि जानेवारी २०२० मध्ये ती बातमी जाहीर झाली. जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळालेले ते महाराष्ट्रातील पहिले स्थळ. सुमारे १,४३७ हेक्टरांचा हा ठेवा आपल्याच निफाड तालुक्यात आहे. सायखेड्याच्या पुलावरून पाण्यात जे टाकले जाते, ते कधी ना कधी तिथे पोहोचते.

आणि पुलावरून अलीकडे जिवंत कासवेही टाकली जाऊ शकतात, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. शहरांतल्या शोभिवंत माशांच्या दुकानांत काचेच्या भांड्यात रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे, हिरवे, डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले कासव विकायला असते. मुलाचा वाढदिवस, परीक्षेतील यश, नव्या घराची वास्तू अशा निमित्तांनी ते घरी येते. दोन-तीन वर्षांत ते ताटलीएवढे होते, पाणी घाण करते, बोटाला चावते. मग घरात विचार सुरू होतो की याला नदीत सोडून द्यावे. बिचारे मोकळे होईल. विकत घेणे आणि सोडून देणे या दोन्ही कृती प्रेमापोटी घडतात. दोन्हींत हानी आहे. ती कशी, आणि ज्याला खरोखरच असा प्राणी सांभाळायचा आहे त्याने काय करावे, हे समजावून सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एक शब्द, अनेक प्राणी

आपल्या भाषेत ‘कासव’ हा एकच शब्द आहे, आणि त्या एका शब्दामुळे अनेक प्राण्यांचा जीव जातो. जमिनीवर राहणारे कासव वेगळे, गोड्या पाण्यातले वेगळे, समुद्रातले वेगळे. यांचे अन्न, निवारा आणि शरीररचना भिन्न आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले तारा कासव, ज्याला बाजारात ‘स्टार कासव’ म्हणतात, हे कोरड्या माळरानावर गवत आणि पाने खाऊन जगणारे भूचर आहे. कासव म्हणजे पाण्यातला प्राणी अशा समजुतीने लोक त्याला पाण्याच्या टबात ठेवतात. त्याला पोहता येत नाही. कोणी त्याला पाव, भात, बिस्किटे घालतात. असे तारा कासव हळूहळू मरते आणि घरातल्यांना वाटते की ‘ते लाभले नाही’.

आपल्या नद्यांत आणि तळ्यांत राहणारी कासवे पुन्हा निराळी. पाठीवर मऊ चामड्यासारखे आवरण असलेले आणि पाय झाकून घेणाऱ्या झडपा असलेले कासव शेततळ्यात, ओढ्यात आढळते. दख्खनच्या नद्यांमध्ये लीथचे मऊ पाठीचे कासव आहे. ते आज अत्यंत धोक्यात आलेल्या जातींत मोडते आणि २०२२ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंधन आले. तिसरा प्रकार म्हणजे दुकानातले ते तांबड्या पट्ट्याचे कासव. त्याचे इंग्रजी नाव ‘रेड-इअर्ड स्लायडर’; आपण त्याला लालकानी कासव म्हणू. ते अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले आहे. भारतातील कोणत्याही नदीशी त्याचे नाते नाही.

हा भेद माहीत असणे ही पहिली पायरी होय. कारण प्रत्येक प्रकाराला कायदा वेगळा लागू होतो आणि आपले कर्तव्यही वेगळे ठरते.

कायदा काय सांगतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार देशी कासवे, घोरपडी, अजगर, नाग, मांडूळ हे प्राणी संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे वा घरात बाळगणे हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अधिनियमाच्या अनुसूचींची फेरमांडणी झाली. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत शिक्षा किमान तीन वर्षे आणि कमाल सात वर्षे कारावासाची असून दंड किमान पंचवीस हजार रुपये आहे. तारा कासव, मऊ पाठीचे कासव आणि घोरपड याच अनुसूचीत येतात. तारा कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापारही २०१९ पासून पूर्णतः निषिद्ध झाला आहे.

येथे पालकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. देशी कासवाच्या बाबतीत ‘विकत घेण्याऐवजी दत्तक घेऊ’ हा पर्यायही खुला नाही. कोणी म्हणेल, आम्ही विकत घेतले नाही. शेतात सापडले, जखमी होते, म्हणून घरी आणले. हेतू चांगला असला तरी असा प्राणी खासगी मालकीचा होत नाही. कायद्यानुसार तो शासनाची मालमत्ता ठरतो आणि ज्याच्या हाती तो येईल त्याने अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवावे लागते. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक त्यासाठीच आहे. तो प्रत्येक घरात लिहून ठेवावा अशी माझी विनंती आहे.

विदेशी प्राण्यांची गोष्ट निराळी. इग्वाना, बॉल पायथन यांसारखे अनेक प्राणी ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. जून २०२० मध्ये केंद्र शासनाने अशा प्राण्यांच्या मालकांना स्वेच्छेने माहिती देण्याची संधी दिली. २०२२ च्या दुरुस्तीने या प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम लागू झाले. आता असा प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने परिवेश या शासकीय संकेतस्थळावर नोंद करणे, आणि प्राणी दुसऱ्याकडे गेल्यास, पिल्ले झाल्यास वा तो मेल्यास तेही कळवणे बंधनकारक आहे. याखेरीज २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांनुसार दुकानदाराला राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. किती दुकानदार ती दाखवू शकतात, हे वाचकांनी स्वतःच विचारून पाहावे.

विकत घेण्याने काय होते

विकत घेणारा बहुधा असा युक्तिवाद करतो की, हा प्राणी तर आधीच दुकानात आला आहे; मी नेला नाही तर दुसरा नेईल; उलट मी त्याला चांगले ठेवीन. इतिहासाच्या अभ्यासकाला हा युक्तिवाद परिचित आहे. जिवंत प्राण्यांच्या प्रत्येक व्यापारात ग्राहक असेच बोलत आला आहे. पण व्यापाराचे गणित सरळ असते. दुकानातली जागा रिकामी झाली की दुकानदार पुढची मागणी नोंदवतो. आपण दिलेली किंमत एका कासवाची सुटका करत नाही. ती पुढच्या कासवाच्या पकडीचा खर्च भरून काढते.

ही पकड कोण करतो? तारा कासव आंध्र प्रदेश, तामिळनाडू, कर्नाटक, गुजरात, राजस्थानच्या कोरड्या भागांत आढळते. तिथल्या माळावर ते गोळा करणारा माणूस बहुधा भूमिहीन किंवा अल्पभूधारक असतो आणि त्याच्या हाती जे पडते ते नगण्य असते. खरा नफा पुढच्या साखळीत राहतो. कासवांना टेपने जखडून, कापडात वा मोज्यात गुंडाळून सामानात भरले जाते. विमानतळांवर अशा शेकडो कासवांची जप्ती झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. छापा पडला की सर्वांत आधी तुरुंगात जातो तो साखळीच्या तळाचा माणूस. तेव्हा शोभेच्या हौसेची किंमत प्राण्याबरोबर एक गरीब कुटुंबही मोजते, हे आपल्या समाजाने तरी विसरू नये.

या मागणीला अंधश्रद्धेचेही खतपाणी आहे. आपल्याच महाराष्ट्रात मांडूळ या निरुपद्रवी, बिनविषारी सापाला ‘दुतोंड्या’ म्हणून लाखोंच्या बोलीने विकण्याचे प्रकार पोलिसांनी वारंवार उघडकीस आणले आहेत. त्याचे शेपूट बोथट असल्याने दुसरे तोंड असल्याचा भास होतो, एवढेच. वीस किंवा एकवीस नखांचे कासव धनाचा पाऊस पाडते, अशा भूलथापांवर शिकलेली माणसेही पैसा घालवतात. ‘हत्थाजोडी’ नावाची जी वनस्पतीची मुळी म्हणून विकली जाते, ती वस्तुतः नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. त्यासाठी घोरपडी मारल्या जातात. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. परंतु कासव घरात ठेवल्याने भरभराट होते, हा समज कायद्याने जात नाही. तो घराघरांत, वर्गावर्गांत प्रश्न विचारून घालवावा लागतो.

सोडून देण्याने काय होते

आता पुलाकडे वळू. लालकानी कासव गोदावरीत सोडले तर ते बहुधा मरत नाही, आणि अडचण तीच आहे. ते चिवट आहे, सर्वभक्षी आहे, लवकर वाढते. मासे, बेडकाची पिल्ले, कीटक, पाणवनस्पती सर्व काही खाते. ऊन घेण्याच्या जागांवरून ते देशी कासवांना हुसकावते आणि त्यांच्यात नवे रोगजंतू आणू शकते. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने जगातील शंभर सर्वांत घातक आक्रमक जातींच्या यादीत त्याचा समावेश केला आहे. युरोपीय संघाने १९९७ साली त्याची आयात थांबवली. केरळमध्ये पीची येथील वनसंशोधन संस्थेने लोकांना आवाहन करून घराघरांतील ही कासवे जमा करून घेण्याचा मार्ग स्वीकारला.

आपल्या भागाला धोका अधिक आहे, कारण आपली नदी स्वस्थ बसणारी नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सायखेडा आणि चांदोरीची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती, हे आपण विसरलेलो नाही. अशा पुरात अंगणातल्या हौदातले वा शेततळ्यातले विदेशी कासव थेट नदीत जाते. ते बाहेर कसे काढणार? नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यात हजारो पक्ष्यांचे आणि माशांचे अन्न आहे. तिथल्या मासेमारांची चूलही त्याच पाण्यावर चालते.

प्राणी मुक्त करण्याची प्रथा पूर्व आशियातील अनेक बौद्ध देशांत आहे. विहारांच्या तळ्यांत पुण्यासाठी कासवे सोडली जातात. त्यासाठीच ती पकडून विकली जातात आणि सोडलेल्यांत लालकानी कासवांची संख्या मोठी असते. तिथले अनेक भिक्षू आणि अभ्यासक आज या प्रथेचा पुनर्विचार करीत आहेत. विकत घेऊन सोडलेल्या जिवाने बाजारही वाढतो आणि तळेही बिघडते. करुणेला प्रज्ञेची जोड नसेल तर काय घडते, याचा हा धडा आहे.

इतिहासातील एक दाखला

प्राण्यांविषयीच्या जबाबदारीचा विचार आपल्याकडे विदेशातून आला, असा एक समज आहे. सम्राट अशोकाचे लेख वाचणाऱ्याला तो टिकवता येत नाही. राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. तीत पोपट, मैना, हंस, वटवाघळे यांच्यासह कासवांचाही उल्लेख येतो. शासनाने नावे घेऊन संरक्षित जाती जाहीर करण्याचे हे अतिप्राचीन उदाहरण आहे. आजच्या अनुसूचींचा पूर्वज म्हणावा असे. दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन्ही प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे नमूद आहे. आपल्या महाराष्ट्रात सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले, म्हणजे हे शासन आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले होते.

उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत अंगुत्तरनिकायाने जिवांचा व्यापार गणला आहे. अट्ठकथेत त्याचा अर्थ मुख्यतः माणसांची विक्री असा केलेला आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही जिवंत देहाला किंमतीची चिठ्ठी लावण्याविषयीचा संकोच त्या शब्दात आहेच. डॉ. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात करुणा आणि मैत्री यांतील भेद स्पष्ट केला आहे: करुणा माणसांपुरती, तर मैत्री सर्व सजीवांपर्यंत जाणारी. अहिंसेलाही त्यांनी आंधळा नियम न मानता विवेकाने पाळण्याचे तत्त्व मानले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सजीवांविषयी दयाभाव बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून ५१-क या अनुच्छेदात आले. तेव्हा हा विषय हौशी लोकांचा आहे, असे म्हणून बाजूला सारण्याजोगा नाही.

सुटका झालेल्या प्राण्यांचे काय होते

जप्त झालेले किंवा लोकांनी सोडून दिलेले प्राणी कुठे जातात, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. देशी प्राणी वनविभागाच्या ताब्यात जातो. तिथून तो उपचार केंद्रात, आणि शक्य असल्यास पुन्हा निसर्गात. मात्र निसर्गात सोडणे वाटते तितके सोपे नाही. जप्तीतली तारा कासवे कुठल्या प्रदेशातली आहेत हे कळत नाही. वायव्य भारतातील आणि दक्षिणेतील कासवांत आनुवंशिक भेद आहेत. ती मिसळू नयेत. दाटीवाटीत राहिल्याने रोगांची लागण झालेली असते. म्हणून त्यांना आधी विलग ठेवून तपासावे लागते. नोव्हेंबर २०१८ मध्ये सिंगापूर येथे सुटका झालेली ५१ तारा कासवे विमानाने कर्नाटकात परत आणण्यात आली. एका हौसेची दुरुस्ती किती लांबची आणि किती खर्चाची असते, हे त्यावरून समजते.

महाराष्ट्रात सुटका झालेल्या प्राण्यांना आसरा देण्याची एक मोठी परंपरा आहे. पुण्याचे कात्रज सर्पोद्यान १९८६ साली नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने उभे राहिले आणि सापांविषयीची भीती कमी करण्याचे काम त्याने केले. गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प चालविणारे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी शिकारीत आई गमावलेल्या पिल्लांना सांभाळण्यास सुरुवात केली, आणि त्यातून प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. तिथे बिबट्या-अस्वलांप्रमाणे मगरी आणि सापही राहिले. त्यांनी त्यातला एकही प्राणी बाजारातून आणला नाही, हा मुद्दा महत्त्वाचा. आणि ते काम पाहून आपणही घरी साप पाळावा, असा अर्थ कोणी काढू नये. दवाखाना, अनुभव, मनुष्यबळ आणि शासनाची परवानगी असलेल्या संस्थेचे ते काम आहे. डॉ. आमटे यांना स्वतःला सर्पदंश झाला होता आणि त्यातून ते मोठ्या कष्टाने वाचले.

हेच सर्पमित्रांना सांगावेसे वाटते. निफाड तालुक्यातील द्राक्षबागा, ऊस आणि कांद्याच्या चाळी यांमुळे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतात. साप पकडून सुरक्षित जागी सोडणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीचे उपकारच आहेत. परंतु पकडलेला साप बरणीत, पोत्यात दिवसेंदिवस ठेवणे, त्याचे खेळ करणे, त्याला दूध पाजणे हे त्याचे रक्षण नव्हे. सापाला दूध पचत नाही. पंचमीच्या आधी उपाशी आणि तहानलेला ठेवलेला साप जे मिळेल ते पितो, एवढेच.

ज्याला खरोखर सांभाळायचे आहे त्याने

आता व्यवहाराचा प्रश्न. देशी प्राणी घरात ठेवता येत नाही हे ठरले. विदेशी प्राणी विकत घेऊ नये हेही आपण पाहिले. मग उरतो तो एक मार्ग: कोणीतरी टाकून दिलेला, संस्थेने वाचवलेला विदेशी प्राणी रीतसर सांभाळायला घेणे. शहरांतील प्राणिरक्षण संस्थांकडे लालकानी कासवे आणि इग्वाना मोठ्या संख्येने येऊन पडतात. त्यांना नदीत सोडता येत नाही आणि सर्वांना ठेवायला जागाही नसते. अशा वेळी जबाबदार कुटुंबाने एक प्राणी घेतला तर संस्थेत दुसऱ्यासाठी जागा होते आणि बाजाराला एक पैसाही जात नाही. विकत घेणे आणि दत्तक घेणे यांतला खरा फरक हाच. मात्र घरी आणण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे स्वतःला द्यावीत.

पहिला प्रश्न काळाचा. लालकानी कासव वीस-तीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगते. आज पाचवीत असलेल्या मुलासाठी आणलेले कासव त्याच्या संसारातही त्याच्यासोबत असेल. तो शिक्षणासाठी पुण्याला गेल्यावर त्याचे कोण करणार, हे आधी ठरवावे.

दुसरा प्रश्न जागेचा. नाण्याएवढ्या पिल्लाची पूर्ण वाढलेली मादी पंचवीस ते तीस सेंटिमीटर लांब होते. तिला काही शे लिटर पाण्याची टाकी, पाणी गाळणारे यंत्र आणि अंग पूर्ण कोरडे करता येईल असा उंचवटा लागतो. काचेचा वाडगा हे तिचे घर नव्हे.

तिसरा प्रश्न उष्णतेचा आणि प्रकाशाचा. सरपटणारे प्राणी आपल्या शरीराची उष्णता स्वतः निर्माण करून स्थिर ठेवू शकत नाहीत. ती बाहेरून घेतात. म्हणून टाकीत एक बाजू ऊबदार आणि दुसरी थंड हवी. कॅल्शियम अंगी लागण्यासाठी ड जीवनसत्त्व हवे आणि ते सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे तयार होते. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात ते किरण जवळजवळ नसतात. ते न मिळाल्यास कवच मऊ पडते, हाडे वाकतात. अतिनील दिवा लावला तरी त्याची शक्ती काही महिन्यांत घटते, आणि तो उजेड देत असतानाच बदलावा लागतो.

चौथा प्रश्न आरोग्याचा. या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात; प्राणी धडधाकट दिसतो आणि लहान मूल मात्र जुलाब-तापाने आजारी पडते. याच कारणाने अमेरिकेत १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद झाली. आपल्याकडे मात्र मुलांच्या हाती तीच पिल्ले दिली जातात. पाच वर्षांखालील मूल, गर्भवती किंवा दीर्घ आजारी व्यक्ती घरात असेल तर असा प्राणी आणू नये. इतरांनी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि टाकी भांड्यांच्या मोरीत धुऊ नये.

पाचवा प्रश्न वैद्याचा आणि कागदांचा. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आपल्या आवाक्यात आहे का, हे आधी शोधावे. संस्थेकडून प्राण्याचा पूर्वेतिहास, ताबापत्र आणि जात यादीत असल्यास परिवेशवरील नोंद मागून घ्यावी. चांगली संस्था आपल्यालाच अनेक प्रश्न विचारते, घर पाहायला येते, आणि न जमल्यास प्राणी परत घेण्याचे आश्वासन देते. जी संस्था प्रश्न न विचारता ‘दत्तक शुल्क’ म्हणून दुकानाएवढी रक्कम मागते, ती दुकानच समजावी.

या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर डळमळीत असेल तर दुसरा मार्ग खुला आहे. प्राणिसंग्रहालये आणि राष्ट्रीय उद्याने प्राणी दत्तक योजना चालवतात. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील योजना अनेकांना ठाऊक असेल. त्यात प्राणी तिथेच राहतो आणि त्याच्या पालनाचा खर्च आपण उचलतो. एका घराला न परवडणारे एका माजी विद्यार्थी-तुकडीला सहज परवडते. लग्नाच्या वाढदिवसाला वा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला अशी देणगी द्यावी, ही कल्पना मी आपल्यापुढे ठेवतो.

ज्यांच्या घरी आज कासव आहे

शेवटी, ज्यांच्या घरी या घडीला कासव आहे त्यांच्यासाठी. त्यांनी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही, आणि घाईही करू नये. आधी त्याची जात ओळखावी. डोळ्यामागे तांबडा पट्टा असेल तर ते विदेशी आहे. ते जमेल तितक्या चांगल्या रीतीने सांभाळावे, किंवा प्राणिरक्षण संस्थेशी बोलून सुपूर्द करावे. नदीत, विहिरीत, शेततळ्यात कदापि सोडू नये. पाठीवर चांदण्या असतील, किंवा पाठ मऊ असेल, किंवा काहीच ओळखता येत नसेल, तर १९२६ या क्रमांकावर वनविभागाला कळवावे. स्वतःहून कळवणारा आणि लपवून ठेवणारा यांच्यात फरक राहतो. भीतीपोटी रात्रीच्या अंधारात पुलावर जाणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. त्यात कासव, नदी आणि आपण असे तिघेही हरतो.

आपल्या निवासी शाळेत दूरदूरच्या वस्त्यांतून मुले येतात. घरापासून लांब राहणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकवावे लागत नाही. मिसिसिपीच्या खोऱ्यातून सायखेड्याच्या बादलीत आलेल्या जिवाविषयी त्यांच्या मनात सहज ममत्व जागे होते. त्या ममत्वाला माहितीची जोड देणे एवढेच शिक्षकाचे आणि पालकांचे काम आहे. पुढच्या वाढदिवसाला मुलाने कासव मागितले, तर त्याला दुकानाऐवजी हिवाळ्यातल्या एका सकाळी नांदूरमध्यमेश्वरच्या काठावर न्यावे. तिथे दगडावर ऊन खात बसलेले आपल्या गोदावरीचे कासव दिसले, तर ते त्याला दुरूनच दाखवावे.